गिऱ्हाईक न पाहिलेलं यंत्र

ऑफिसात वर्षानुवर्षं वापरलेल्या कीबोर्डकडे नुसतं पाहिलं तरी त्यावर कोण बसत होतं याचा अंदाज येतो. स्पेसबारच्या एकाच टोकाला अंगठ्याने घासून आणलेली चकाकी असते. ई आणि ए पुसट झालेले असतात. कळांच्या फटीत बिस्किटाचा भुगा आणि स्टेपलरची एखादी पिन सापडते. हिशेब लिहिणाऱ्याच्या कीबोर्डवर आकडे आधी झिजतात, पत्रव्यवहार सांभाळणाऱ्याच्या कीबोर्डवर अक्षरं. एकॉर्न बिझनेस कॉम्प्युटरच्या, थोडक्यात एबीसीच्या, नशिबी ही झीज आली नाही. तपासणीसाठी तो बडवणारे चार इंजिनिअर सोडले, तर ज्यांच्यासाठी तो घडवला त्या कारकुनांची, टंकलेखिकांची, छोट्या धंदेवाल्यांची बोटं त्याला कधी लागलीच नाहीत. १९८४ साली इंग्लंडातल्या केंब्रिजमध्ये तयार झालेलं हे यंत्र. पडदा आणि डिस्क ड्राइव्ह एकाच फिकट रंगाच्या ठोकळ्यात, पडद्याच्या उजव्या अंगाला ड्राइव्हची फट, पुढ्यात वायरने जोडलेला सुटा कीबोर्ड. जाहीर झालं, लोकांना दाखवलं गेलं, आणि दुकानाची पायरी चढायच्या आत बंद झालं.

यंत्राचं सुतक कुणी पाळत नाही, हे खरं. तरी जुन्या घरगुती संगणकांना हल्ली नातेवाईक पुष्कळ मिळतात. ज्यांचं बालपण त्या पडद्यांसमोर गेलं ती माणसं आता पन्नाशी-साठीत आहेत, हाती थोडा पैसा आहे, माळ्यावर थोडी जागा आहे. ती जुने संच शोधतात, उघडतात, फुगलेले कपॅसिटर बदलतात, पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पुन्हा उजळ करतात. त्या प्रेमामागे आठवण असते. पण जे यंत्र बाजारातच आलं नाही त्याची आठवण कुणाला असणार? कुणाचं बालपण त्यात अडकलेलं नाही, कुणाची पहिली नोकरी नाही, कुणाचा दिवाळीचा बोनस त्यावर खर्च झालेला नाही. एबीसीसाठी दोन शब्द बोलायचे तर ते परक्यालाच बोलावे लागतात.

आणि ते बोलायचे तर आधी घराण्याची ओळख हवी.

१९७८ च्या अखेरीस ख्रिस करी आणि हर्मन हाउझर यांनी कंपनी काढली, तेव्हा तिचं नाव होतं केंब्रिज प्रोसेसर युनिट. करी क्लाइव्ह सिंक्लेअरकडे बरीच वर्षं काम करून बाहेर पडलेला. हाउझर मूळचा व्हिएन्नाचा, केंब्रिजच्या कॅव्हेन्डिश प्रयोगशाळेत भौतिकशास्त्राची डॉक्टरेट केलेला. पहिलं काम मिळालं ते जुगाराच्या यंत्रांचं. पबमध्ये नाणं टाकून खेळायची जी फळांच्या चित्रांची यंत्रं असतात, त्यांच्या आतला मेंदू बनवायचा. धंद्याची बोहनी अशी झाली. मग स्वतःचे संगणक विकायला वेगळं नाव घेतलं, एकॉर्न. ओकच्या झाडाचं ते छोटं टोपीवालं फळ. टेलिफोन डिरेक्टरीत ॲपलच्या वर नाव यावं हाही हिशेब त्यामागे होता, असं सांगतात. गावाच्या मध्यावर मार्केट हिलला त्यांचं ऑफिस. खाली बाजाराचा चौक, सभोवती शेकडो वर्षांची कॉलेजं, आणि वर विद्यापीठातून ओढून आणलेली हुशार पोरं. सोफी विल्सन ही त्यातली एक. शिकत असतानाच तिने कंपनीचा पहिला संगणक, सिस्टिम वन, आखून दिला होता. स्टीव्ह फर्बर हा दुसरा. त्याचा खरा विषय हवेच्या प्रवाहांचा, विमानांशी नातं सांगणारा. संगणक हा फावल्या वेळेतला नाद.

बीबीसीची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण एबीसीच्या पोटात जे धडधडत होतं ते तिथेच जन्मलं. १९८१ साली ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने ठरवलं, की देशाला संगणक शिकवणारी टीव्ही मालिका काढायची आणि तिच्याबरोबर शिकायला स्वतःच्या नावाचा एक संगणकही बाजारात असावा. त्यांची माणसं कंपन्या बघत हिंडत होती. एकॉर्नकडे ‘प्रोटॉन’ नावाचा आराखडा होता, पण कागदावर. बघायला मंडळी येणार शुक्रवारी. आठवड्याच्या सुरुवातीला हाउझरने विल्सनला फोन केला: शुक्रवारपर्यंत चालतं यंत्र उभं करता येईल, असं फर्बर म्हणतोय. मग फर्बरला फोन केला: विल्सन म्हणतेय, होईल. दोघांपैकी कुणीच तसं म्हणालेलं नव्हतं. असली लबाडी एरवी कुणी केली तर राग येतो. हिच्याबद्दल मात्र ज्यांच्यावर ती झाली तेच पुढे आयुष्यभर हसत हसत सांगत राहिले.

मग ते चार-पाच दिवस आणि रात्री. सर्किट हाताने ओढायचं, शेकडो तारा पिनांवर गुंडाळायच्या. तार गुंडाळण्यात राम बॅनर्जी नावाच्या माणसाचा हात कुणी धरत नसे. सगळ्यांत वेगवान हात त्याचा, अशी त्याची ख्याती, आणि हे किचकट काम त्याच्याकडे आलं. गुरुवारची रात्र सरली तरी यंत्र जिवंत होईना. पाहुणे यायला काही तास उरलेले. यंत्राला घड्याळाचे ठोके देणारी एक तार बाहेरच्या जुन्या संचाकडून येत होती. हाउझर म्हणाला, ती काढून टाकून बघा, त्याच्या त्याच्या ठोक्यावर चालू दे. तार काढली आणि यंत्र चाललं. मग विल्सनने त्यावर बेसिक ही संगणकाची भाषा चढवली, आणि पाहुणे आले तेव्हा पडद्यावर काहीतरी हलत होतं. नाळ कापल्यावर बाळ रडलं, असंच म्हणायला हवं, पण इंजिनिअर मंडळींना हे असलं बोललेलं आवडत नाही.

१ डिसेंबर १९८१ ला बीबीसी मायक्रो जाहीर झाला. बारा हजार खपतील असा अंदाज होता. शेवटी पंधरा लाखांच्या वर गेले. सुरू करताच आधी एक घोगरा सूर, मग लगेच त्याच्या डोक्यावर एक टोकदार ‘बीप’. पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’, खाली ‘बेसिक’, आणि मग तो एकटा कोन, आता बोला म्हणणारा. कीबोर्डच्या माथ्यावर लालभडक फंक्शन कळांची रांग. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम या घरगुती संगणकापेक्षा हे यंत्र कितीतरी महाग होतं. स्पेक्ट्रम १२५ पौंडांपासून मिळायचा, तर बीबीसीचं मॉडेल बी ३३५ पासून निघून ३९९ पर्यंत गेलं. म्हणून पोरांच्या खोलीपेक्षा शाळेच्या वर्गात ते जास्त रुजलं. ब्रिटनच्या एका अख्ख्या पिढीला संगणक म्हणजे ही मळकट पिवळी पेटी.

तिथून ती आपल्याकडेही आली. १९८४ साली भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला, पहिल्या टप्प्यात अडीचशेच्या आसपास शाळा घेतल्या, आणि त्यासाठी निवडला तो हाच बीबीसी मायक्रो. चंदीगडजवळच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये तो तयारही होऊ लागला. (१९८९ च्या फेब्रुवारीत तो कारखाना आगीत होरपळला, त्याचा शोक हा वेगळ्याच लेखाचा विषय आहे.) त्या काळात आपल्या शाळांमध्ये संगणकाची खोली म्हणजे देवघर असायचं. चपला बाहेर, पडदे ओढलेले, यंत्रावर शिवून घेतलेली कापडी झालर, एका यंत्रामागे चार-पाच डोकी, आणि हात लावायची पाळी येईतो तास संपलेला. विलायतेतल्या मुलांनी ज्यावर गेम खेळून कळा खिळखिळ्या केल्या, तेच यंत्र आपल्याकडे हळदीकुंकू लावून घेत होतं.

म्हणजे घर आणि शाळा या दोन्ही ठिकाणी एकॉर्नला मान होता, प्रेम होतं, पैसाही होता. १९८३ साली कंपनीचे शेअर बाजारात आले तेव्हा तिची किंमत १३ कोटी ५० लाख पौंडांच्या घरात धरली गेली. पाच वर्षांपूर्वी जुगाराच्या यंत्रांची कामं घेणारी ही पोरं. आणि नेमकं इथेच मला त्यांचा थोडा राग येतो. हे सगळं मिळाल्यावर त्यांना कशाची लाज वाटायला लागली असेल, तर आपण ‘घरगुती’ असल्याची.

ती लाज समजण्यासारखी होती. आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १९८१ साली अमेरिकेत आला आणि थोड्याच काळात ऑफिसचा संगणक म्हणजे तो, असं समीकरण होऊन बसलं. खेळण्याचा धंदा डिसेंबरपुरता. नाताळ गेला की गिऱ्हाईक गेलं. ऑफिसवाला बारा महिने घेतो, महाग घेतो, आणि एकदा घेतलं की वर्षानुवर्षं तुमच्याकडेच येतो. केंब्रिजमधल्याच टॉर्च कंपनीने तर बीबीसीचाच बोर्ड आत घालून ऑफिसची यंत्रं विकायला सुरुवातही केली होती. आपल्या लेकराला घेऊन शेजारी ऑफिसात जातोय आणि आपण घरी बसलोय, हे एकॉर्नला बघवलं नसावं. टॉर्चला विकत घ्यायची बोलणी झाली, तीही फिसकटली. तोवर स्वतःचं ऑफिस यंत्र आखायला घेतलेलं होतंच.

यंत्र म्हणायचं, पण ती भावंडं होती आठ. सगळ्यांत साधं ‘पर्सनल असिस्टंट’ आणि ‘टर्मिनल’. मग १०० आणि ११०: आत झेड ८० प्रोसेसर, त्यावर सीपी/एम, म्हणजे त्या वेळच्या छोट्या ऑफिसांची रुळलेली कार्यप्रणाली. २०० आणि २१०: नॅशनल सेमीकंडक्टरचा ३२०१६, शास्त्रज्ञ-इंजिनिअर लोकांसाठी. ३०० आणि ३१०: इंटेलचा ८०२८६, एक मेगाबाइट मेमरी, डिजिटल रिसर्चची कन्करंट डॉस, आणि वर जेम, म्हणजे माउसने हाताळायच्या खिडक्या आणि चित्रं. १९८४ साली इतकं सगळं एका घरात! आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरवर तेव्हा बहुतेकांना काळ्या पडद्यावरची अक्षरंच दिसत होती.

झाकण काढलं की मात्र कळतं की आतला माणूस जुनाच आहे. या आठही भावंडांच्या तळाशी बीबीसी मायक्रोच्याच घराण्यातला बोर्ड होता, तोच ६५०२ प्रोसेसर, तीच चाल. एकॉर्नने बीबीसी मायक्रोच्या पोटाखाली पहिल्यापासून एक खाच ठेवली होती, तिला ते ‘ट्यूब’ म्हणत. त्या खाचेतून दुसरा प्रोसेसर जोडायचा, त्याला स्वतःची मेमरी द्यायची, आणि विचार करायचं काम त्याच्याकडे सोपवायचं. जुना ६५०२ मग वाड्यातल्या वयस्क कारभाऱ्यासारखा दारात बसतो. आलेगेलेलं बघायचं, कीबोर्डवरून निरोप घ्यायचा, पडद्यावर अक्षर मांडायचं, डिस्कवरून दप्तर आणून द्यायचं. आत माडीवर नवा शिकलेला धनी हिशेब करत बसलाय, त्याला या कटकटी नकोत. धनी बदलता येतो, झेड ८० जाऊन ८०२८६ येतो, कारभारी तोच.

मला ही रचना अजूनही देखणी वाटते. तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे. ऑफिससाठी नवं यंत्र हवं म्हणून त्यांनी आपलं जुनं यंत्र नाकारलं नाही. त्यालाच धुतलेला सदरा घातला, पडद्याच्या ठोकळ्यात बसवलं आणि वर दुसरा प्रोसेसर दिला. बाजार मात्र असल्या देखणेपणाकडे बघत नाही. दुकानात येणारा अकाउंटंट एवढंच विचारणार, आयबीएमवर चालणारं माझं पॅकेज यावर चालेल का? कन्करंट डॉसवर बरंच काही चालत असे, पण ‘बरंच काही’ या शब्दांवर कुठला अकाउंटंट पैसे मोजत नाही. खरं सांगायचं तर एबीसी वेळेवर दुकानात गेला असता तरी तो फार चालला असता असं मला वाटत नाही. शोक करायला यश लागतंच असं थोडंच आहे?

घाव आला तो भलतीकडून. एकॉर्नने १९८३ च्या ऑगस्टमध्ये स्पेक्ट्रमच्या तोडीला ‘इलेक्ट्रॉन’ नावाचं स्वस्त यंत्र काढलं, १९९ पौंडांचं. त्याची बहुतेक अक्कल फेरांतीच्या एकाच मोठ्या चिपमध्ये कोंबलेली, आणि ती चिप हव्या तेवढ्या संख्येने मिळेना. त्या नाताळला मागणी तीन लाखांच्या घरात, हाती यंत्रं तीस हजारांच्या आसपास. दुकानांतून माणसं रिकाम्या हाताने परत गेली. मग कंपनीने धडा घेतला आणि पुढच्या वर्षासाठी भरपूर माल बनवायला सांगितला. पुढच्या वर्षी बाजारच बसला. १९८४ चा नाताळ सरला तेव्हा अडीच लाखांच्या घरात इलेक्ट्रॉन गोदामात पडून होते. त्याच डिसेंबरमध्ये केंब्रिजच्या ‘बॅरन ऑफ बीफ’ नावाच्या पबमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर आणि ख्रिस करी यांची जुंपली. एकॉर्नच्या एका जाहिरातीवरून सिंक्लेअर भडकला होता आणि गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने करीला मारायला धावला. ब्रिटनचे दोन सगळ्यांत मोठे घरगुती संगणकवाले, ज्यांनी एकेकाळी एकाच टेबलावर काम केलं होतं, आणि हातात शस्त्र काय तर वर्तमानपत्र. दोघांच्याही कंपन्या तेव्हा आतून पोकळ झाल्या होत्या.

फेब्रुवारी १९८५ मध्ये इटलीच्या ऑलिव्हेट्टीने एकॉर्नचे ४९.३ टक्के शेअर घेतले. ती कंपनी १९०८ सालची, इव्रेआ गावची, टाइपरायटरने नाव कमावलेली. पुढे त्याच वर्षी तिचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या घरात गेला. ऑलिव्हेट्टीकडे ऑफिससाठी स्वतःचं यंत्र होतं, आयबीएमशी जुळणारं, चांगलं खपणारं एम २४. मग एकॉर्नची ही आठ लेकरं कुणाला हवी होती? त्यांना रडारड न करता मिटवलं गेलं. एकट्या २१० ला जीवदान मिळालं. त्याचं नाव बदलून ‘केंब्रिज वर्कस्टेशन’ केलं आणि १९८५ च्या उन्हाळ्यात तो विद्यापीठांना, संशोधकांना विकायला काढला: चार मेगाबाइटपर्यंत मेमरी, फोर्ट्रान, पास्कल, लिस्प, ‘पॅनोस’ नावाची स्वतःची कार्यप्रणाली. ऑफिसचा नाद सुटला. बिझनेस हा शब्दही नावातून गेला.

या २१० च्या पोटातल्या ३२०१६ ची एक गोष्ट आहे, आणि एबीसीचं नाव कुठे निघालंच तर हल्ली याच गोष्टीसाठी निघतं. कागदावर ती चिप भारदस्त, आदेशांची यादी लांबलचक. पण एखादा अवघड भागाकार मेमरीतून मेमरीत करायला सांगितला की ती त्यात तीनशे साठ ठोके गुंतून पडायची, सुमारे साठ मायक्रोसेकंद, आणि तोवर दुसऱ्या कुणाचंही ऐकायची नाही. फिरत्या डिस्कला इतका धीर नसतो. दुप्पट घनतेची फ्लॉपी दर बत्तीस मायक्रोसेकंदांना नवा बाइट समोर धरते, घेतला तर घेतला, नाहीतर गेला. दारातला तो म्हातारा ६५०२ मात्र इतका चपळ, की मेमरीतून उचलायचं आणि ठेवायचं काम त्याच्याइतकं काटकसरीने मोठमोठ्या चिपांना जमत नव्हतं. विल्सन आणि फर्बर यांनी हे मोजून पाहिलं. मग इस्राएलमधल्या हर्झलियाला नॅशनल सेमीकंडक्टरच्या केंद्रात जाऊन पाहिलं तर तिथे शेकड्याने माणसं त्या एका चिपचे दोष निस्तरत बसलेली. आणि अमेरिकेत ॲरिझोनात ६५०२ चा वारसा चालवणाऱ्या बिल मेन्शकडे गेले, तर एका साध्या बंगल्यात थोडी माणसं आणि उन्हाळ्याच्या कामाला आलेले विद्यार्थी नवी चिप आखताहेत. परतताना दोघांच्या डोक्यात एकच: हे आपल्यालाही जमेल.

१९८३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी स्वतःची चिप आखायला घेतली. पैसा बेताचा, माणसं मूठभर. २६ एप्रिल १९८५ ला अमेरिकेतल्या व्हीएलएसआयकडून पहिले तुकडे घडून आले. पंचवीस हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर, आणि पहिल्याच दिवशी चालले. त्या चिपचं नाव एआरएम. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, निदान ठाऊक असायला हरकत नाही, कारण हा लेख तुम्ही फोनवर वाचत असाल तर तो तिच्याच वंशजावर वाचताय.

बहुतेक जण गोष्ट इथे आणून थांबवतात. बिचारा एबीसी गेला खरा, पण त्याच घरात एआरएम जन्मली ना! एकाच वर्षातले दोन प्रसंग, फेब्रुवारीत मरण आणि एप्रिलमध्ये बारसं, जुळवून आणल्यासारखे. मला हे सांत्वन आवडत नाही. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनी ‘नातू कसा गोंडस आहे’ म्हणत जेवायला बसावं, त्यातला हा प्रकार. एआरएम आखणाऱ्यांनी ऑफिस यंत्राच्या राखेतून काही उचललं नव्हतं. ऑफिस यंत्र उभं होतं तेव्हाच त्यांचं काम निम्म्यावर आलं होतं. आणि एबीसीसाठी ज्यांनी बोर्ड आखले, केबलची लांबी ठरवली, पडद्याचा ठोकळा किती तिरपा ठेवावा यावर घासाघीस केली, सीपी/एम ट्यूबमधून नीट बोलावं म्हणून रात्री जागवल्या, त्यांचं काम दुसऱ्याच्या यशाची पायरी म्हणून मोजायचं कशासाठी? ते त्यांच्या जागी पूर्ण होतं. उपयोगी पडलं नाही, एवढंच.

कंपनी स्वतःही पुढे फार सुखात नांदली नाही. एआरएमवरचा आर्किमिडीज संगणक १९८७ साली आला, शाळांनी पुन्हा उचलून धरला, म्हणजे ज्या वर्गातून पळ काढायचा होता त्याच वर्गाने परत पोसलं. १९९० साली एआरएम वेगळी कंपनी झाली, ॲपल आणि व्हीएलएसआय भागीदार म्हणून आले, आणि ती गावाबाहेर स्वाफम बलबेकच्या एका जुन्या कोठारात संसार मांडून बसली. लेक श्रीमंत झाली. आईकडे जमीन उरली नाही. १९९८ साली एकॉर्नने शेवटचा मोठा डाव मांडला: ‘फीबी’ नावाचा नवा संगणक, भडक पिवळ्या पेटीचा. ऑक्टोबरमध्ये तो दाखवायचा होता. १७ सप्टेंबरला कंपनीने आपला संगणकांचा विभागच बंद केला. फीबी नमुन्यापुरताच राहिला. त्याच्या पिवळ्या पेट्या मात्र आधीच बनून आल्या होत्या, त्या रिकाम्याच विकल्या गेल्या. हौशी माणसांनी त्या नेल्या आणि त्यात स्वतःचं काहीबाही बसवलं. चौदा वर्षांच्या अंतराने त्याच घराण्यात पुन्हा एक यंत्र गिऱ्हाईक न बघता गेलं. यावेळी निदान कपडे तरी कुणाच्या अंगी लागले.

एबीसीचे जे थोडे संच उरले आहेत, ते जतन करणाऱ्या लोकांच्या हाती आहेत आणि तिथे त्यांची नीट बडदास्त असते. त्यांना सुरू करणारेही असतात. सुरू केलं की बहुधा जुना एखादा गेम लावतात, नाहीतर गतीची चाचणी घेतात, आकडे टिपून ठेवतात, फोटो काढतात. यात वावगं काही नाही. पण बाबा, तुला यासाठी घडवलं नव्हतं रे. तुला आठ भावंडांसकट एका कंटाळवाण्या जागी जायचं होतं, जिथे दुपारी अडीचला पंख्याखाली डोळे मिटतात, चहाच्या कपाचा गोल डाग कागदावर उठतो, सोमवारी साहेब चिडलेले असतात, आणि महिनाअखेरीला कुणालातरी आठ वाजेपर्यंत थांबावं लागतं. तू ज्यांचा हेवा केलास ती यंत्रं तिथेच झिजली आणि भंगारात गेली. तुला भंगारवालाही मिळाला नाही.

एवढंच वाटतं, की त्या संग्राहकांपैकी कुणीतरी एकदा गेम बाजूला ठेवावा, सीपी/एम चढवावी आणि त्यावर एक साधं बिल करावं. फार मोठं नको. दोन डझन पेन्सिली, एक रीम कागद, शाईची एक बाटली, पाठवणीचा खर्च वेगळा. बेरीज यंत्रालाच करू द्यावी, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर ते छापून घ्यावं, करकर आवाज करत. खाली सहीला जागा सोडावी, आणि आपल्याकडच्या बिलावर अगदी तळाशी बारीक अक्षरात जे छापतात तेही छापावं: चूकभूल द्यावी घ्यावी.